जाहिरातीची जागा



वसंत ऋतूत व्याख्याने करण्याची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास घातली आणि पुढे ती महाराष्ट्रात गावोगावी गेली. धर्म, राजकारण, इतिहास, विज्ञान असे भारदस्त विषय ऐकण्याची सवय असलेल्या श्रोतृवर्गापुढे मी आज मोबाईल फोनवरील जाहिरातींविषयी बोलणार आहे, हे पत्रिकेत वाचून काही जणांना नवल वाटले असेल. आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी तर स्पष्टच विचारले, "अहो, जाहिरातीत तासभर बोलण्यासारखे आहे काय? आली की बोटाने पुढे सरकवावी, झाले!" जी गोष्ट आपण दिवसातून शंभरदा बोटाने बाजूस सारतो, तिच्याविषयी वर्षातून एकदा तासभर विचार करावयास हरकत नसावी, असे मला वाटले; म्हणून मी येथे उभा आहे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. जाहिरातीला आजवर नेहमी कोठेतरी एक जागा लागत आली. दवंडीवाल्याला चौक लागे. रंगाऱ्याला भिंत लागे, ती एस.टी. स्टँडाबाहेरची असो की रस्त्याकडेच्या एखाद्या पंपघराची असो. दंतमंजन, तंबाखू, बियाणे, सिमेंट, सारे तिच्यावर असे, आणि परक्या माणसाला गावात शिरण्यापूर्वीच गावाची आवडनिवड वाचता येई. वर्तमानपत्रात पान लागे, आणि चित्रपटगृहात मध्यंतराची पाच मिनिटे लागत. ही जागा कोणाच्या तरी मालकीची असे. तिचे भाडे ठरे, परवानगी घ्यावी लागे, आणि मालकाला नको असेल तर तो ‘येथे जाहिराती लावू नयेत’ अशी पाटी लावी. (त्या पाटीवरच पुढे कोणीतरी मूळव्याधीच्या औषधाचे पत्रक चिकटवी, ही गोष्ट वेगळी.) मालमत्ता अशी विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ साली खास कायदाही झाला.

जागेबरोबर आणखी एक गोष्ट आपोआप येत असे, ती म्हणजे साक्षीदार. भिंतीवरची जाहिरात ज्या अक्षरांत मामलेदारसाहेबांना दिसे, त्याच अक्षरांत ती हमालालाही दिसे. ती अतिशयोक्तीची असली तर चारचौघे मिळून हसत. खोटी असली तर एखादा निवृत्त शिक्षक संपादकांस पत्र लिही. अश्लील असली तर मोर्चा निघे. जाहिरातदार मोठा असेल, पैसेवाला असेल, पण त्याला जे बोलावयाचे ते सगळ्यांदेखत बोलावे लागे. माझे आजचे म्हणणे या ‘सगळ्यांदेखत’ या शब्दाभोवतीच फिरणार आहे, तेव्हा तो जरा बाजूस काढून ठेवा.

आता फोनाकडे वळू. योगायोग पाहा, भिंतीसंबंधीचा कायदा ज्या वर्षाचा, त्याच वर्षी, ३१ जुलै १९९५ रोजी, भारतातील पहिले मोबाईल संभाषण झाले. कोलकात्याहून (तेव्हाच्या कलकत्त्याहून) मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीला दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी फोन करणाऱ्याला तर पैसे पडतच, पण फोन घेणाऱ्यालाही पडत. त्यामुळे खिशातला फोन वाजला की माणूस आधी घाबरे आणि मग बोले. या महागाईचा एक उपकार मात्र होता. ज्याला फोन घेण्याचे पैसे पडतात, त्याला उगाच फोन करण्याची विक्रेत्याची छाती होत नाही. १ मे २००३ पासून येणारा फोन निःशुल्क झाला. लोकांना आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण ज्या दारावर टोल होता ते दार त्या दिवशी सताड उघडे झाले, आणि सामान्य गिऱ्हाइकापाठोपाठ विमावाले, कर्जवाले, क्रेडिट कार्डवाले आत शिरले. आपण जेवावयास बसावे आणि समोरून एखाद्या मुलीने अगदी मंजुळ आवाजात ‘सर, पर्सनल लोन’ म्हणावे, हा अनुभव नसलेला एकही गृहस्थ या मंडपात निघेल असे मला वाटत नाही. त्या मुलीवर रागावू नये. दिवसाकाठी इतके फोन झालेच पाहिजेत, असा हिशेब तिच्या डोक्यावर टांगलेला असतो.

या उपद्रवावर सरकारी उपाय झाले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आपण ज्याला ‘ट्राय’ म्हणतो त्या संस्थेने, २००७ साली ‘मला फोन करू नका’ असे सांगणाऱ्यांची एक राष्ट्रीय नोंदवही उघडण्याचा नियम केला. २०१० साली अधिक कडक नियम केले; प्रचाराचे संदेश रात्री नऊ ते सकाळी नऊ या वेळात येऊ नयेत असे ठरवले. सप्टेंबर २०११ मध्ये तर एका सिमकार्डावरून दिवसाला १०० च संदेश पाठविता येतील अशी मर्यादा घातली. विक्रेत्यांऐवजी सणावाराला शुभेच्छा धाडणाऱ्या भाबड्या जिवांचीच अडचण झाली, तेव्हा दोन महिन्यांत ती २०० करावी लागली. २०१८ साली संदेश धाडणाऱ्या प्रत्येक व्यापारी संस्थेने आपले नाव आणि संदेशाचा नमुनासुद्धा आधी नोंदवावा अशी व्यवस्था आली. थोडक्यात, ‘येथे जाहिराती लावू नयेत’ ही पाटी खिशाला लावण्याचा हा खटाटोप आहे, आणि तो अजून पुरा झालेला नाही.

पण मला या काळातील एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. फोन उचलला नाही तर पैसे पडत नाहीत, हे आपल्या लोकांनी फार लवकर हेरले. एक रिंग म्हणजे ‘पोहोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’, अशी एक फुकट तारभाषाच आपण तयार केली. ‘मिस्ड कॉल’ हा शब्द इंग्रजी असला तरी त्याचे शास्त्र आपले आहे. व्यापाऱ्यांनी ते उचलले. हिंदुस्थान युनिलिव्हर या कंपनीने २०१३ च्या सुमारास बिहार आणि झारखंडमधील खेड्यांसाठी ‘कान खजुरा तेसन’ नावाची एक सेवा काढली. त्या भागात वीज तासन्‌तास नसे, दूरदर्शन चालत नसे, वर्तमानपत्र पोहोचत नसे. फोन मात्र घरोघर होता. एका क्रमांकावर मिस्ड कॉल द्यावयाचा. मग तिकडून फोन येई आणि गाणी, चुटके, गप्पा ऐकवी. अधूनमधून साबणाची जाहिरात. ऐकणाऱ्याला दमडी खर्च नाही. कानखजुरा म्हणजे तो शंभर पायांचा किडा. कानात शिरेल म्हणून लहान मुलांना ज्याची भीती घालतात तो! जाहिरातीने स्वतःचे इतके प्रामाणिक नाव दुसरे कधी घेतले असेल असे वाटत नाही. २०१४ साली फ्रान्समध्ये कान येथे भरणाऱ्या जाहिरात महोत्सवात या योजनेला सुवर्णपारितोषिके मिळाली. म्हणजे कानखजुऱ्याचा गौरवही कानमध्येच झाला.

मला ही योजना आवडते, आणि का आवडते तेही सांगतो. तीत सौदा उघड होता. रिंग ऐकणाऱ्याने आधी द्यावयाची. गाणे कंपनीने द्यावयाचे. जाहिरात कोणती आहे हे दोघांनाही ठाऊक. शिवाय एक फोन मध्ये ठेवून ओसरीवर दहा माणसे ऐकत बसू शकत होती. ‘सगळ्यांदेखत’ येथे अजून शाबूत होते.

ते सुटले स्मार्टफोनबरोबर. आपण फोनवर बातमी वाचावयास उघडली, की बातमीच्या मधोमध एक चौकोन रिकामा येतो आणि क्षणार्धात भरतो. त्या क्षणार्धात एक लिलाव होऊन गेलेला असतो. फोन कोणत्या बनावटीचा, भाषा कोणती, माणूस साधारण कोणत्या भागात आहे, पूर्वी काय पाहत होता, अशी माहिती लिलावात हिंडते. बोली लावणारी यंत्रे बोली लावतात. जिंकणाऱ्याची जाहिरात चौकोनात बसते. हे सारे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आपल्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव पाहिलेल्यांना यातली गंमत कळेल. तेथे निदान कांद्याचा मालक हजर असतो. प्रत्येक फोनाला जाहिरातदारांसाठी एक ओळखक्रमांक दिलेला असे आणि त्यावरून एका ॲपमधला माणूस दुसऱ्या ॲपमध्ये ओळखता येई. ॲपल कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये नियम केला की, असा माग काढण्यापूर्वी ॲपने मालकाला विचारले पाहिजे. नुसते विचारले पाहिजे, एवढेच! परिणाम असा झाला की, या एका प्रश्नामुळे २०२२ सालात आपले सुमारे १,००० कोटी डॉलरचे उत्पन्न बुडेल, असा अंदाज फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीने स्वतःच जाहीर केला. न विचारण्याची किंमत काय होती, हे त्यावरून समजावे.

या निवडून दाखवण्याच्या कलेचा चांगला उपयोग होत नाही असे माझे म्हणणे नाही. २०२० च्या दिवाळीत, टाळेबंदीने लहान दुकानदार मेटाकुटीस आलेले असताना, कॅडबरीची एक जाहिरात निघाली. पाहणारा ज्या पिनकोडच्या भागात असेल त्या भागातल्या दुकानांची नावे तीत येत. कपडा अमक्याकडे घ्या, चप्पल तमक्याकडे घ्या. पुढच्या वर्षी यंत्राच्या साहाय्याने शाहरुख खानचा चेहरा आणि आवाज घडवून, कोणत्याही छोट्या दुकानदाराला आपल्या दुकानाचे नाव त्याच्या तोंडी घालता येईल अशी सोय केली. ज्या दुकानदाराची ऐपत स्थानिक साप्ताहिकात दोन ओळी देण्याची, त्याचे नाव सिनेनटाच्या तोंडी आले. हे उत्तम झाले. फक्त एवढे लक्षात घ्या की, एक चित्रपट हजार प्रकारचा झाला. येथला माणूस आणि शेजारच्या तालुक्यातला माणूस ‘ती जाहिरात पाहिलीस का’ म्हणून बोलू लागले तर ते एकाच जाहिरातीविषयी बोलत नव्हते.

येथवर जाहिरात निदान फोनाच्या काचेत होती. आता ती काचेतून बाहेर येऊ पाहत आहे, आणि तिच्या त्या नव्या रूपाला ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ म्हणतात. आमच्या भाषापंडितांनी याला ‘वर्धित वास्तव’ असा शब्द दिला आहे. शब्द बरा आहे, पण ऐकताक्षणी मला तो वर्धा जिल्ह्यातला वाटतो. अर्थ एवढाच की, समोरचे खरे दृश्य आणि त्यावर यंत्राने काढलेले चित्र, दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी दिसणे. हे नाव जाहिरातवाल्यांनी दिलेले नव्हे. बोइंग या विमाने बांधणाऱ्या कंपनीत टॉम कॉडेल नावाचे एक संशोधक होते. विमानातल्या तारांचे जुडगे बांधताना कामगाराला सारखे नकाशात डोके घालावे लागे. त्याऐवजी तार कोठून कोठे न्यावयाची ते त्याच्या डोळ्यांसमोर, त्या फळीवरच दिसले तर? या विचारातून १९९० च्या सुमारास हे नाव आले. व्यापारात ते उतरले २००८ मध्ये. जर्मनीत मिनी या मोटारीची एक जाहिरात मासिकांत छापली होती. ते पान संगणकाच्या कॅमेऱ्यापुढे धरले की पडद्यावर पानाच्या वर मोटार उभी दिसे, आणि पान फिरवावे तशी ती फिरे.

हे कसे होते? आपल्यापैकी ज्यांनी शेताची मोजणी पाहिली आहे त्यांना सांगणे सोपे आहे. जुना मोजणीदार तिपाईवर फळा लावून बांधाच्या एका टोकाला उभा राही. देऊळ, विहीर, बाभळीचे झाड अशा ठळक खुणा धरी. मग दुसऱ्या टोकाला जाऊन त्याच खुणांकडे पुन्हा पाही आणि कोनांवरून कागदावर अंतरे काढी. फोन हेच करतो, फक्त सेकंदाला अनेकदा करतो. त्याच्या खुणा म्हणजे फरशीची सांध, टेबलाचा कोपरा, चित्राची चौकट. आपण फोन किती हलवला, किती वळवला, हे आतली दोन बारीक उपकरणे सांगतात. खुणांची हालचाल आणि हाताची हालचाल यांचा मेळ घातला की जमीन कोठे, भिंत कोठे आणि आपण स्वतः कोठे, हे फोनाला कळते. मग तो त्या जमिनीवर एक सोफा काढून दाखवतो, आणि आपण बाजूने फिरलो तरी सोफा जागचा हलत नाही. स्वीडनच्या आयकिया कंपनीने २०१७ साली असे ॲप काढले. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या माणसाला नवे कपाट दारातून आत आल्यावर दार मिटेल की नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी कळणे ही काही लहान सोय नव्हे. चष्म्याच्या चौकटी अशाच चेहऱ्यावर लावून पाहता येतात. दुकानदारासमोर चाळीस चौकटी काढावयास लावून एकही न घेता बाहेर पडण्याचा जो संकोच असतो, तो यात नाही. ही झाली चांगली बाजू, आणि ती खरी आहे.

परंतु मोजणी झाली की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो: सातबारा कोणाच्या नावावर? सोफा दाखवण्यासाठी खोलीची मोजणी झाली. ती मोजणी राहिली कोणाकडे? चष्मा बसवण्यासाठी चेहऱ्याची मोजणी झाली, ती कोणाकडे? अमेरिकेतील इलिनॉय राज्यात २००८ पासून असा कायदा आहे की, चेहऱ्याचे, बोटांचे असे मोजमाप घेण्यापूर्वी लेखी संमती घेतली पाहिजे. तोंडावर कुत्र्याचे कान नि जीभ लावून देणारे जे स्नॅपचॅट आपल्या मुलांना ठाऊक आहे, त्याच्या मालक कंपनीवर या कायद्याखाली दावा झाला. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, पण २०२२ साली साडेतीन कोटी डॉलर देऊन तडजोड केली. कुत्र्याच्या कानांची ही किंमत जरा जास्तच म्हणावयाची. भिंतीला कान असतात असे आपण म्हणत आलो. ही नवी भिंत पाहतेही.

घराबाहेर हा प्रश्न आणखी मजेदार होतो. जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा खेळ निघाला, हे तरुण मंडळींना आठवत असेल. रस्त्यात, बागेत फोन धरावा आणि त्यात दिसणारे कल्पित प्राणी पकडावेत. हे प्राणी आणि खेळाचे अड्डे खऱ्या जागांवर बसवलेले होते. जपानमध्ये मॅकडोनाल्डची जवळजवळ तीन हजार उपाहारगृहे या खेळाचे अड्डे झाली; आपल्याकडे डिसेंबर २०१६ मध्ये खेळ आला तेव्हा रिलायन्स जिओची दुकाने झाली. आता यात विकले काय गेले ते पाहा. प्रायोजकांकडून आकारणी कशावर होती? जाहिरात किती जणांनी पाहिली यावर नव्हे, तर किती जण प्रत्यक्ष येऊन गेले यावर. वर्तमानपत्र डोळे विकत असे. येथे पाय विकले गेले. मूल आईला म्हणते, ‘जरा त्या बाजूने जाऊ या’, आणि ती बाजू कोणीतरी भाडे भरून ठरवलेली असते. भिंतीवर रंगवलेली जाहिरात माणसाला कधी अशी बोटाला धरून नेत नव्हती.

आणि ज्यांच्या जागेवर हे अड्डे बसले त्यांना कोणी विचारले होते? हिरोशिमाच्या शांतता उद्यानात, जेथे अणुबॉम्बच्या मृतांचे स्मरण होते तेथे, लोक प्राणी पकडीत हिंडू लागले. ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनापूर्वी हे काढा अशी विनंती शहराला करावी लागली, आणि मग ते काढले. अमेरिकेत घरमालक न्यायालयात गेले, कारण परके लोक अंगणात शिरू लागले. २०१९ साली तडजोड झाली आणि खेळाच्या कंपनीने मान्य केले की, एका कुटुंबाच्या घरापासून ४० मीटरच्या आत एखादी खूण असली आणि मालकाने तक्रार केली, तर ती हलवू. तक्रार केली तर, हे विसरू नका. मिल्वॉकी परगण्याने २०१७ मध्ये आपल्या सार्वजनिक उद्यानांत असे खेळ ठेवण्यास परवाना लागेल असा नियम केला. तेव्हा दुसऱ्याच एका कंपनीने न्यायालयात जाऊन त्याला अंतरिम मनाई मिळवली. खेळ ही अभिव्यक्ती आहे आणि अभिव्यक्तीला स्वातंत्र्य आहे, असा मुद्दा होता. तो मुद्दा हलका नाही. उद्या या चौकातल्या पुतळ्यावर फोनातून कोणी इतिहासाची खरी माहिती दाखवली, तर तिला नगरपालिकेचा परवाना लागावा काय? मला वाटते, लागू नये. मग पुतळ्याच्या हाती शीतपेयाची बाटली दाखवली तर? तुम्ही आत्ता जे हसलात, त्या हसण्यात थोडी अस्वस्थताही होती.

ब्राझीलमध्ये २०१९ साली बर्गर किंग या कंपनीने तर कमालच केली. आपल्या ॲपमधून प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीकडे फोन धरा, असे लोकांना सांगितले. फोन धरला की पडद्यावर ती जाहिरात पेट घेई, जळून जाई आणि मागून बर्गर किंगची जाहिरात व फुकट बर्गरचे कूपन निघे. फलकाचे भाडे एकाने भरलेले; धंदा दुसऱ्याचा झाला; आणि फलकाला ओरखडासुद्धा नाही. आपला १९९५ चा कायदा तेथे लावावा तर कशाला? विद्रूप झालेच नाही काही! फलकाच्या मालकाला रस्त्यावर उभे राहून आपला फलक धडधडीत दिसतो आहे. जळताना तो फक्त शेजारी उभ्या असलेल्या पोराला दिसतो.

आता तो बाजूस काढून ठेवलेला शब्द घ्या. सगळ्यांदेखत. समजा, एखाद्या मधुमेह बरा करणाऱ्या काढ्याची जाहिरात आहे. अशा जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ती वर्तमानपत्रात आली तर एखादा डॉक्टर ती कापून ठेवतो, तक्रार करतो. जाहिरात मानक परिषद १९८५ पासून मुंबईत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण ही सारी यंत्रणा कोणीतरी जाहिरात पाहिली, ती जपली आणि दुसऱ्याला दाखवली, या गृहीतावर उभी आहे. तोच काढा जर फक्त साठीच्या पुढच्या, रात्री दोन वाजता ‘साखर कमी कशी करावी’ असे शोधणाऱ्या आजोबांच्याच फोनावर आला, आणि उद्या औषधाच्या दुकानासमोर त्यांनी फोन धरल्यावर फक्त त्यांनाच त्या कपाटावर झळकताना दिसला, तर कापून ठेवणारा डॉक्टर कोठून आणावयाचा? डॉक्टर तेथून शंभरदा गेला तरी त्याला ते दिसणार नाही. आजोबा सांगतील, ‘मला दिसले होते’. मुलगा म्हणेल, ‘बाबा, तुम्हाला भास झाला असेल.’ फसवणूक होणे वाईट खरेच. पण आपण पाहिले ते दुसऱ्या कोणीच पाहिले नाही, ही अवस्था त्याहून एकाकी आहे.

युरोपात यावर एक उपाय काढला आहे. २०२२ साली झालेल्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टप्रमाणे फार मोठ्या कंपन्यांनी आपल्याकडे दाखवलेल्या प्रत्येक जाहिरातीची प्रत एका उघड्या कपाटात ठेवली पाहिजे: जाहिरात काय होती, पैसे कोणी दिले, कोणत्या लोकांना निवडून ती दाखवली. शेवटची दाखवल्यापासून वर्षभर ती तेथे राहिली पाहिजे, आणि कोणीही जाऊन पाहावी. कपाट म्हणजे भिंत नव्हे, हे मला कळते; कपाटापर्यंत कितीसे लोक जाणार? पण निदान तो निवृत्त शिक्षक जाऊ शकतो. आपल्या २०१९ च्या कायद्यात असे कपाट नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य कलमे लागू करण्यास अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. त्यात अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई आहे, हे स्वागतार्ह आहे. परंतु तो कायदा माझी माहिती कोणी घ्यावी याविषयी बोलतो. माझ्या डोळ्यांसमोर काय रंगवावे, आणि ते शेजाऱ्यालाही दिसावे की नाही, याविषयी बोलत नाही. जाहिरातीचे कपाट आपल्याकडेही असावे, आणि फोनातून समोरच्या जागेवर काढलेल्या चित्रांनाही ते लागू असावे, अशी मागणी आपल्या ग्राहक पंचायतींनी आतापासून लावून धरावी असे मला वाटते. चष्म्यातूनच अशी चित्रे दाखवणारी यंत्रे बाजारात आली आहेत. ती स्वस्त झाल्यावर जागे होण्यात अर्थ नाही.

अध्यक्षांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे, आणि मघाशी माझ्याकडे एक चिठ्ठीही आली आहे: ‘हे सगळे ठीक, पण रोजचे संदेश थांबवावे कसे ते सांगा.’ प्रश्न रास्त आहे. १९०९ या क्रमांकावर फोन करून किंवा संदेश पाठवून आपली नोंद करता येते. सरसकट सगळे बंद करता येतात, किंवा विमा-बँका, घरजमीन, शिक्षण असे प्रकार निवडून बंद करता येतात. २०२५ च्या दुरुस्तीपासून संदेश धाडणाऱ्याच्या नावापुढे एक अक्षर असते: पी असेल तर तो प्रचार, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकारी. नोंद करूनही कोणी छळलेच, तर सात दिवसांच्या आत त्याच १९०९ वर तक्रार करावी. संदेश मात्र तोवर पुसून टाकू नये. ज्यांना हे जमत नसेल त्यांच्यासाठी बाहेर पुस्तकांच्या टेबलाशी दोन विद्यार्थी बसले आहेत, ते नोंद करून देतील.